मालनची यादी आणि साहेबांचं घड्याळ

“अहो अक्का, आमच्या प्लॅटफॉर्मवर सभासदांची यादी तीन सेकंदांत उघडते, तुमच्याला अकरा लागतात! यात वाद कसला?” कारखानीस साहेब तिसऱ्यांदा ओरडले.

“वाद तुम्ही घालताय. मी नुसती विचारतेय,” हौसाक्का म्हणाल्या.

अक्का म्हणजे बायकांच्या पापड संस्थेच्या अध्यक्ष. शाळा चौथीत सुटली, पण साठीनंतर संगणक आपला आपण शिकल्या. संस्थेचं सगळं काम तिथंच काम करणाऱ्या तरुण मालननं दोन वर्षं खपून एका स्वस्त प्लॅटफॉर्मवर बसवलं होतं. आता तिप्पट किमतीचा प्लॅटफॉर्म घेऊन साहेब पुण्याहून आले होते, आणि त्यांचे रंगीत आलेख बघून संचालक बायका सहीला तयार होत्या. सही झाली की मालनची मेहनत केरात.

“तुमचं कुठल्या मशीनवर मोजलंत?” अक्कांनी विचारलं.

“ऑफिसातल्या. नवंकोरं आहे.”

“यादीत नावं किती?”

“पन्नास. नमुन्यादाखल.”

“आणि आमचं?”

“तुमच्याच मशीनवर, तुमच्याच यादीवर.”

“चार हजार नावं आहेत, अक्का,” मालन हळूच म्हणाली. “आणि मशीन नऊ वर्षांचं.”

“पण घड्याळ खोटं बोलत नाही!” साहेब म्हणाले.

अक्कांनी सहीच्या पेनाला टोपण लावलं.

“साहेब, आमच्याकडे नव्या बाईची परीक्षा असते तेव्हा पीठ एकच असतं, पोळपाट सारखे असतात आणि घड्याळ तिसऱ्याच बाईच्या हातात असतं. तुम्ही स्वतःपुढं पन्नास लाट्या घेतल्यात, पोरीपुढं चार हजार ठेवल्यात, आणि वर आम्हालाच सांगताय की पोरगी हळू लाटते!”