अकरा घरी बसलेली बायजाक्का

फार वर्षांपूर्वी, नांदखिंडीला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी पहाट झाली की घरोघरी तव्यावर तंबाखू भाजली जायची. बाया तिची मिश्री करून दातांना लावायच्या, गडी चिलीम ओढायचे, आणि लग्नात पाहुण्यांपुढे तंबाखूचं तबक फिरायचं. गावात बायजाक्का नावाची सुईण होती. मिश्री तिचीही सुटत नसे.

असं म्हणतात, की तिच्या हातावर अख्खं गाव जन्मलं. पण मुलं दिवसेंदिवस बारकी होत चालली. गावातच दिलेली तिची लेक हौसा बाळंतपणाला माहेरी आली, आणि तिचं मूल पारव्याएवढं निघालं. एकदाच रडलं आणि बायजाक्काच्या ओंजळीतच गार झालं. हौसा नवव्या महिन्यापर्यंत आईच्याच डबीतली मिश्री लावत होती.

बायजाक्काने डबी ओढ्यात सोडली आणि ती दारोदार मिश्री सोडा म्हणून सांगत सुटली. बाया म्हणाल्या, "जलमभर तूच लावलीस की गं!"

मग ती तंबाखू विकणाऱ्या रामशेट वाण्याकडे गेली. तो म्हणाला, "मी नाही ठेवली तर लोक खालच्या पेठेतनं आणतील. आधी गेनू कुंभाराच्या चिलमी बंद कर." गेनू म्हणाला, "लग्नाच्या तबकात तंबाखू असतीया तवर चिलमी लागणारच. तबक सिदू गुरव फिरवतुया, त्याला सांग." आणि सिदू म्हणाला, "रामशेट इकतोय तवर तबक कसं रिकामं ठिवू?"

अशी ती तिघांच्या दारी किती वर्षं फिरली, कोण जाणे. गुडघे सुजले. कधीकधी ती ओट्यावर नुसतीच बसायची आणि उठून जायची. असं म्हणतात, की तिच्या पायांनी तिन्ही घरांमधली वाट घोटाभर खोल झाली.

एके वर्षी रामशेटची सून बाळंत झाली. बायजाक्काने मूल फडक्यात गुंडाळलं, दुकानात नेलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"तोला, शेट."

"हे काय भलतंच, आक्का?"

"तुमचा हात बसलाय तोलायला. सांगा किती भरतंय."

रामशेटने तळवा जरा वर-खाली केला. मग त्याचे डोळे भरले. "दोन शेरसुद्धा नाही गं," तो म्हणाला.

त्याच दिवशी तो आपण होऊन गेनूकडे गेला आणि दोघं मिळून सिदूकडे गेले. "एकट्याने होत नाही, तर तिघं मिळून एकाच दिवशी सोडू," असं ठरलं. अमावास्या उलटली तशी रामशेटने तंबाखूची पोती खड्ड्यात पुरली, गेनूने चिलमींचा साचा फोडला, आणि सिदूने तबकात बडीशेप ठेवली.

पण खरी कसोटी तिसऱ्या पहाटे आली. मिश्रीवाचून अकरा घरांतल्या बायांची डोकी ठणकू लागली. कुणी पोरांना बडवलं, कुणी माहेरची वाट धरली. बायजाक्का त्यांच्याकडे जायला निघाली खरी, पण गेनूच्या पडवीत जरा टेकली आणि तिला झोप लागली. इतक्या वर्षांचा शीण होता तो. गेनूच्या बायकोने तिच्या अंगावर वाकळ घातली आणि उन्हं चढेपर्यंत तिला उठवलं नाही.

जाग आल्यावर बायजाक्का कपाळ बडवू लागली. "गेलं सगळं! मी निजले की गं!"

तेवढ्यात हौसा आली. "आये, माझ्यापाशी तर तू दिस उगवंस्तवर बसली हुतीस. माझा हात धरून." पाठोपाठ रामशेटची सून तेच सांगत आली. अकरा घरांतून तेच सांगणं आलं. असं म्हणतात, की बायजाक्काने ते सगळं ऐकलं, "मग बरं झालं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कलंडली.

सगळं गाव सुटलं, असं नांदखिंडीत कुणी म्हणत नाही. काहींची सुटली, काहींची सुटून पुन्हा लागली. बायजाक्का गेली तेव्हाही दोन घरांतून भाजल्याचा वास येतच होता. पण मुलं हळूहळू अंगानं भरू लागली.

आजही तिथं कुणी तंबाखू सोडायची म्हटलं, की निरोप फिरतो. मग आठ दिवस रोज पहाटे एकेका घरातलं कुणीतरी जाऊन त्या माणसाजवळ बसतं. उपदेश करायचा नाही, मागचं काढायचं नाही. आठ दिवसांत पुन्हा लागलीच, तर पुन्हा पहिल्यापासून बसायचं. याला नांदखिंडीत 'बायजाला बसणं' म्हणतात. आणि बसलेल्याचा डोळा लागला, तर त्याला कुणी उठवत नाही.