टिटवीने स्वतःच हाक मारली

नदीकाठी पूर्वी सगळे आपापल्या तोंडाने बोलत. मग साळुंकी आली आणि म्हणाली, "घसे कशाला ताणता? तुमचे निरोप मी पोचवते, फुकट." सगळ्यांना ते पटलं.

काही दिवसांनी ती निरोपाआधी कोल्ह्याच्या कलिंगडांची स्तुती ऐकवू लागली. मग खेकड्याच्या चिखलाचीही. निरोप सगळ्यात शेवटी.

एकदा टिटवीची चार अंडी वाळूत उघडी होती आणि म्हशींचा कळप नेमका तिकडेच निघाला. टिटवीने साळुंकीला पिटाळलं, "सांग त्यांना, बाजूने जा!"

साळुंकी म्हाताऱ्या म्हशीच्या शिंगावर बसली. "आधी ऐका, कोल्होबांची कलिंगडं साखरेसारखी गोड..."

म्हशी चालतच राहिल्या. टिटवीला राहवेना. ती स्वतःच ओरडली, "म्हशीमावशी, पाय आवर! पोरं आहेत माझी!"

म्हातारी म्हैस उचललेला पाय तसाच धरून थांबली. "अगं, तू होय! किती दिवसांनी आवाज ऐकला तुझा! ही बया तर कलिंगडंच विकत होती."

कळप वळसा घालून गेला. साळुंकी मागून ओरडली, "अहो, चिखलाचं राहिलं!"

त्या दिवसापासून नदीकाठी इतका गोंगाट सुरू झाला की बगळ्याला मासे मिळेनात. पण गप्प बसा, असं तोही कुणाला म्हणाला नाही.