उरलं तर साकव

फार पूर्वी ओढ्याकाठच्या एका गावात एक काकू राहायच्या. उपासतापास मनापासून करायच्या, पण जिभेला हाड नव्हतं.

गावची सुईण ओढ्यापलीकडच्या वाडीत राहायची. ओढा रुंद नव्हता, पण पावसाळ्यात त्याला अशी ओढ असायची की बैलसुद्धा पाय घालायला बिचकायचा.

दर सुगीला घरोघरचं टोपलीभर धान्य गावच्या कोठारात जमायचं. त्याचं काय करायचं, ते देवळापुढच्या सभेत ठरायचं. पाटील म्हणायचे, "आपल्या गावात लेकीसुना म्हणजे लक्ष्मी! ओढ्यावर साकव झालाच पाहिजे." सगळे माना डोलवायचे. मग धान्य निघायचं. आधी जत्रेचे ढोलताशे. मग शोभेची दारू. मग पाहुण्यांचे फेटे. साकवाची पाळी येईतो कोठाराचा तळ दिसायचा.

"उरलं तर केलाच असता हो," पाटील म्हणायचे. दरवर्षी तेच!

त्या वर्षी काकूंची सून पोटुशी होती. काकू सभेत उभ्या राहिल्या. "पाटीलबाबा, सुनेचे दिवस श्रावणात भरतील. यंदा आधी साकवाचं धान्य बाजूला काढा."

"काढू की! तेवढी वेशीवर कमान होऊ द्या. शेजारच्या गावानं केलीय. अब्रूचा प्रश्न आहे."

"कमानीखालून सुईण येणार आहे का?"

सभा खो खो हसली. "काकू बोलायला भारी!" म्हणून टाळ्याही पडल्या. आणि धान्य गेलं कमानीलाच. सागाच्या लांबलचक तुळया, त्यांवर कोरलेले मोर.

काकूंनी घरी येऊन देवीपुढे दिवा लावला. "आई, मी सांगून सांगून दमले गं. आता तूच बघ."

श्रावणातल्या शुक्रवारी भर दुपारी सुनेला कळा सुरू झाल्या. ओढा दुथडी भरलेला. पलीकडे गाठोडं घेऊन सुईण उभी, अलीकडे सगळा गाव. पाटलांनी हात जोडले. "देवी सगळं नीट करील."

काकूंना उपवास होता, पण आवाज अख्ख्या गावाला पुरला. "देवीनं कोठार भरून दिलं होतं, पाटीलबाबा! त्याचं तुम्ही केलंत काय, ते वेशीवर उभं आहे. ते आणा आणि इथं आडवं घाला!"

"कमान? अहो, गावाची अब्रू..."

"माझ्या घरात तळमळतेय ना, ती गावाची अब्रू!"

या वेळी कुणी हसलं नाही. पाटलांनी डोक्याचा फेटा सोडून कमरेला आवळला आणि कमानीला पहिला दोर स्वतः बांधला. तुळया ओढ्यावर आडव्या पडल्या. मोरांवर पाय देत सुईण अलीकडे आली, आणि दिवेलागणीला काकूंच्या घरात नात रडली.

पुढच्या सुगीला सभा भरली. काकू नातीला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसल्या. साकवाच्या कठड्याचं धान्य सगळ्यांत आधी निघालं. मागून कुणीतरी विचारलं, "आणि वेशीवरची कमान?"

पाटलांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"उरलं तर बघू," ते म्हणाले.

तात्पर्य: गावाचा जीव कशावर आहे हे जाणायचं असेल, तर कोठार उघडल्यावर पहिली टोपली कुठे जाते ते पाहावं.