हौसा कुंभारणीचं चित्र

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, एका डोंगराच्या पायथ्याशी कुंभारांचं गाव होतं. तिथल्या मडक्यांना लांबलांबून मागणी असे. एका उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. कितीतरी माणसं गेली. जी वाचली, त्यांच्या चेहऱ्यांवर खोल व्रण राहिले.

साथ सरली, पण तिची भीती सरली नाही. आसपासच्या लोकांनी गावाची वाटच टाकली आणि कुंभारांची चाकं थांबली. त्याहून वाईट म्हणजे गावातल्या माणसांनी एकमेकांकडे बघणं सोडलं. आरसे पेटीच्या तळाशी गेले. बायका पितळेची भांडी लख्ख घासेनात. न जाणो, त्यात आपलं तोंड दिसायचं!

या गावात हौसा नावाची कुंभारीण राहत होती. साथीत तिचा नवरा गेला होता. सोळा वर्षांची लेक सगुणा तेवढी उरली होती. वर्ष झालं, सगुणाने तोंडावर ओढलेला पदर आईसमोरही वर केला नव्हता. भाकरीसुद्धा ती भिंतीकडे तोंड करून खायची. लेकीच्या पाठीकडे बघत हौसा जेवण उरकायची.

एके दिवशी एक म्हातारा चितारी घोड्यावरून गावात आला. राजवाड्यातली चाकरी संपवून तो आपल्या मुलखाला निघाला होता. लहानपणी त्यालाही देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्याला साथीचं भय नव्हतं. घोडा लंगडू लागला म्हणून त्याने देवळाच्या ओवरीत मुक्काम टाकला. हौसाने त्याला भाकरी-पाणी नेऊन दिलं.

"बाई, याची उतराई कशी करू?" चिताऱ्याने विचारलं.

"माझं चित्र काढा," हौसा म्हणाली. "माझ्या लेकीनं वर्षभरात माझं तोंड बघितलं नाही. चित्र तरी बघेल."

चिताऱ्याने चित्र काढलं. चित्रातल्या हौसाचे गाल लोण्यासारखे मऊ होते, त्यांवर एकही व्रण नव्हता. क्षणभर हौसालाही बरं वाटलं. तिने चित्र घरी नेऊन भिंतीला टेकवलं. सगुणाने पदराआडून ते बघितलं.

मग म्हणाली, "बघ आये, राजाच्या चिताऱ्यालासुद्धा आपले व्रण बघवले नाहीत."

हौसाने चित्राचं तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चित्र घेऊन ओवरीत गेली.

"पाहुणं, हे परत घ्या. ही बाई मी नव्हं."

चितारी ओशाळला. "चाळीस वर्षं असेच चेहरे काढत आलो, बाई. कुणाचा चामखीळ पुसला, कुणाची सुरकुती. लोकांना तेच आवडतं."

"आवडत असेल. पण खोटं दाखवून मी माझ्या लेकीला घराबाहेर कशी काढू? मी आहे तशी काढा."

"जड जाईल तुम्हाला."

"ते माझं मी बघीन. तुम्ही काढा तर खरं."

हौसा समोर बसली आणि चितारी तिच्याकडे बघू लागला. आधी तिला ते सोसवेना. पदर ओढावासा वाटे, म्हणून तिने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून ठेवले. वर्षभरात इतका वेळ कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. रंग लावता लावता चिताऱ्याने तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. चाक फिरवताना तो किती बेसूर गायचा, हे सांगताना हौसाला हसू फुटलं. चिताऱ्याने नेमकं तेच टिपलं.

संध्याकाळी सगुणाने नवं चित्र बघितलं. एकेक व्रण जागच्या जागी होता. आणि आई हसत होती.

"आये, तू अजून हसतेस?"

"हसते की. तू बघतेस कुठं?"

सगुणा एकदा चित्राकडे बघे, एकदा आईकडे. पदराआडून तिला नीट दिसेना, म्हणून तिने तो मागे सारला. मग आईच्या गालावर हलकेच बोट ठेवलं. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि त्या दिवशी समोरासमोर बसून जेवल्या.

सकाळी सगुणा चिताऱ्याकडे गेली. "माझंही चित्र काढा."

चिताऱ्याने तिच्याच हातात कुंचला दिला. "मी आज आहे, उद्या नाही. तू शीक. गेरू, चुना, काजळी, सगळं तुमच्या घरात आहे. एवढंच ध्यानात ठेव, समोरच्याकडे नीट बघायचं आणि दिसेल तेच काढायचं."

सगुणाने पहिलं चित्र काढलं ते पाटलांचं, त्यांच्याच घराच्या भिंतीवर. नाकाचं पार वांगं झालं.

"पोरी, माझं नाक एवढं मोठं आहे?" पाटील म्हणाले.

"त्याहून मोठं आहे, काका. भिंत पुरली नाही!"

अख्खी आळी खो खो हसली. त्या गावात वर्षभराने असं हसू ऐकू आलं होतं.

मग कुंचला या हातातून त्या हातात फिरू लागला. शेजारी शेजाऱ्याला समोर बसवून चित्र काढू लागला. गेलेली माणसंही भिंतींवर आली. त्यांचे डोळे कसे होते, मिशा कशा होत्या, यावरून वाद झाले, आठवणी निघाल्या, आणि आजवर दाबून ठेवलेलं रडू मोकळं झालं. हौसाने आपला नवरा काढला, तोंड उघडून गाणारा. घोडा कधीच बरा झाला होता, पण चितारी आणखी चार महिने राहिला आणि मगच आपल्या वाटेने गेला.

डोंगरावरच्या रस्त्याने जाणाऱ्या एका व्यापाऱ्याला खाली भिंतीभिंतींवर चेहरे दिसले. तो उतरला आणि वेशीपाशी अडखळला. मग मनाशी म्हणाला, 'ज्यांनी आपले व्रण भिंतीवर रंगवले, ती माणसं साथ असती तर ती कशाला लपवतील?' तो आत आला. त्याच्यामागून दुसरे आले. कुंभारांची चाकं पुन्हा फिरू लागली.

पुढच्या बाजाराला सगुणा स्वतः मडकी घेऊन गेली, पदर खांद्यावर टाकून. लोकांनी टक लावून बघितलं. तिने बघू दिलं. दुपारी तोंड गुंडाळलेली एक परगावची बाई मडकं घ्यायला आली. तिच्या हातांवर तसेच व्रण होते. तिने मान वर केली नाही.

सगुणाने एक खापर उचललं आणि कोळशाचा तुकडा हातात घेतला. "बसा ना मावशी, घाई नसेल तर तुमचं चित्र काढते."

त्या बाईने हातातलं मडकं खाली ठेवलं. मग सगुणाच्या चेहऱ्याकडे बघत समोर बसली आणि तिने तोंडावरचं फडकं सोडलं.

बोध: ज्याला कुणीतरी मायेनं, आहे तसं बघतं, त्याला जगापुढं मान वर करायचं बळ येतं.