झोपाळ्याच्या ओंडक्यावरची अळंबी

एका राज्यात काहीच कुजत नव्हते. गळलेली पाने वर्षानुवर्षे तशीच पडून राहत, उकिरड्यातल्या शेणाचे खत होत नसे, आणि शेते दर हंगामाला रोडावत.

हे राजा हेमांगदाच्या एका आज्ञेने झाले होते. राणी इरावती गेली, आणि पाठोपाठ तिच्या झोपाळ्याचा कदंब कोसळला. त्याच्या फांदीवर दोरांनी पाडलेल्या दोन खाचा होत्या. राजा रोज त्यांत बोटे ठेवून बसे. एके सकाळी खाचेजवळ पांढरी अळंबी उगवलेली दिसली.

"ही या खाचा खाणारी चोर आहे. हिला हद्दपार करा," राजाने मांत्रिकाला सांगितले.

मांत्रिकाने मंत्र म्हटला. राज्यातली सगळी अळंबी त्याच्या तांब्याच्या डबीत जाऊन बसली.

पुढे राणीने लेकीसाठी लावलेली तगर सुकू लागली. राजाने तिला नद्यांचे पाणी घातले, दूध घातले, मोत्यांचे भस्म घातले. एक कळी आली नाही.

"तात, हीसुद्धा जाणार का?" राजकन्या कनकलेखेने विचारले.

कदंबाच्या ओंडक्यावरचा सुतारपक्षी म्हणाला, "महाराज, मोत्यांनी कुणाचे पोट भरले आहे?"

"मग काय घालू?"

"चोर म्हणून हाकललीत, ती स्वयंपाकीण होती. अळंबी मेलेले लाकूड रांधते, तगर जेवते. एकीला फूल नाही, दुसरीला चूल नाही. थोरली कोण, ते उपाशी तगरीला विचारा."

राजा मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाने तीन अटी घातल्या. "मुकुट उतरवा. डबी अनवाणी वाहून न्या. आणि अळंबी तिथे लावा, जिथे तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

मुकुट उतरला. काट्यांनी पाय रक्ताळले, तरी राजा थांबला नाही. ओंडक्यापाशी मात्र थांबला.

कनकलेखा शेजारी येऊन बसली. तिने खाचेत बोट ठेवले. राजाने अडवले नाही.

"आईचा झोका उंच जायचा?"

"फार उंच. मी खालून ओरडायचो, पुरे. ती हसायची."

मग त्याने डबी उघडली आणि दोन्ही खाचांत अळंबी लावली.

मंत्र सुटला, अळंबी राज्यभर पसरली. पाने कुजली, शेते भरली. खाचा मऊ पडल्या, आणि एक दिवस त्यांची माती झाली. राजाने ती ओंजळीने तगरीच्या बुंध्याशी घातली.

तगर फुलली. कनकलेखेने पहिले फूल राजाच्या तळहातावर ठेवले. त्याने ते पेटीत जपले नाही. संध्याकाळी कोमेजले, तेव्हा वाकून पुन्हा मातीत ठेवले.