बांधाबाहेरची खाकण

पोयखारच्या बांधावर उभं राहिलं की खाडीच्या अंगाला चिखलातून वर आलेला एक उंचवटा दिसतो. त्यावर खाकणीचं एकच दाट झुडूप आहे. पूर्वी हा सगळा किनारा खाकणीने भरलेला होता म्हणे. आता एवढंच उरलं आहे. चैत्रात त्याला मिरीएवढी गुलाबी फळं लागतात. आधी गोड, मग जिभेला झोंबणारी. याला कोणी कोयता का लावत नाही, असं पाहुण्यांनी विचारलं की म्हातारे चांगो म्हात्रे ठमाबायची गोष्ट सांगतात.

फार मागे उधाणाच्या भरतीने या बांधाला खांड पडली, मोठं भगदाडच. खारं पाणी शेतात मुरलं की पुढची काही वर्षं भात नाही. सगळा गाव चिखलाचे गोळे घेऊन धावला. ठमाबाय खाडीच्या बाजूने चिखल कापून आत देत होती.

"हात चालव गो, तोंड नको!" आतून तिचा नवरा हाशा ओरडला.

"माझं तोंड बंद झालं तर तुम्हाला झोप यायची नाय," ती म्हणाली. सगळे हसले.

ती आणखी चिखल आणायला उंचवट्याकडे वळली आणि इकडे हाशाने शेवटचा गोळा बसवला.

ती परतली तेव्हा समोर बांध सलग होता. पलीकडे आनंदाचा गलका. उधाणाने सगळाच बांध भिजून लेचापेचा झालेला. तिने चढायला पाय टेकला तशी माती सरकली, आत पाण्याची धार सुटली. तिने पाय मागे घेतला आणि दोन्ही हातांनी ती जागा दाबून बुजवली. हाका मारल्या, त्या गलक्यात विरल्या. पाणी कमरेला आलं तेव्हा ती खाकणीत शिरली.

पुढे गावाला कळलं. पण बांध वाळेपर्यंत त्यावर कोणाला पाऊल टाकता येईना. लाटांत होडी ठरेना. ओहोटीला भोवतीचा नवा गाळ माणूस गिळेल असा. फेकलेल्या भाकऱ्या पाण्यात पडत. तिला आपल्या चुलीचा धूर दिसे, आणि ती फांद्यांत अंग चोरून खाकणीची फळं चोखत राही. पाणी चढलं की ती वरच्या फांदीवर सरके. वर फांदीच उरली नाही तेव्हा उधाण ओसरलं, असं सांगतात.

बांध वाळला, गाळ कडक झाला. हाशाने तिला पाठीवर घेऊन आणलं. आत येताच तिने विचारलं, "मी बाहेर हाय, हे तुम्हाला कधी कळलं?"

हाशाला खोटं बोलता आलं असतं. तो मान खाली घालून म्हणाला, "भूक लागली तवा. भाकरी वाढायला तू नव्हतीस."

"मग आधी जेवायचं होतंत," ती म्हणाली.

आजही पोयखारला खांड बुजवताना शेवटचा गोळा एकाच्या हातात असतो आणि सगळा गाव बांधाच्या आत भाकरी खायला बसतो. प्रत्येकाच्या भाकरीवर चैत्रात सुकवून ठेवलेली खाकणीची चार फळं ठेवतात. पाणी चढत असतं. एखादी भाकरी उरली, तर ती कोणाची हे आधी शोधतात. खांड मग बुजते.