हौसाक्काची तांबडी

मुंगसानं कोंबडा नेला आणि थोड्याच दिवसांत हौसाक्काची तांबडी कोंबडी पहाटे मान ताठ करून आरवायला लागली. कोंबडी आरवली म्हणजे अपशकुन! गावभर कुजबुज झाली आणि आक्काला ग्रामपंचायतीत बोलावणं आलं.

सरपंच होत्या रत्नमालावहिनी, पण खुर्चीत बसायचे त्यांचे यजमान सर्जेराव. वहिनी भिंतीशी उभ्या राहून सांगतील तिथं सह्या करायच्या.

सर्जेराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आक्का, ज्याचं काम त्यानंच करावं. कोंबडी कोंबड्याच्या जागी आली की गावावर अरिष्ट येतं. आजच कापा, अन् रस्सा आमच्याकडं धाडा."

आरवली तरी तांबडी अंडी घालायची, आणि त्या अंड्यांवरच आक्काची चूल पेटायची. तिनं पदर खोचला.

"कापते की, सर्जेराव. पण माझ्या कोंबडीनं कोंबडा गेल्यावर त्याची जागा घेतली. इथं सरपंचबाई धडधाकट उभ्या आहेत, अन् त्यांच्या जागी तुम्ही बसलाय. मग आधी कोणतं अरिष्ट निवारायचं?"

रत्नमालावहिनी भिंत सोडून पुढं आल्या.

"कोंबडी राहू दे, आक्का," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही उठा."